वरीलप्रमाणे

आमच्या इमारतीत नळाला पिवळं पाणी येतं, हे बत्तीसच्या बत्तीस बिऱ्हाडांना ठाऊक होतं. किती पिवळं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ माझ्या या एका शंकेत आहे, म्हणून ती आधीच कबूल करून टाकते.

मी रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. तिथे कुणी 'जरासं पिवळट' म्हटलं तर सगळे त्याच्याकडे दयेने बघतात. पिवळं म्हणजे किती, कशाशी ताडून, कुठल्या उजेडात, हे सांगावं लागतं. अठरा वर्षं हे काम केल्यावर माणूस चार माणसांत राहण्याच्या लायकीचा उरत नाही. सासूबाई म्हणाल्या, "पडद्याचा रंग जरा उतरलाय गं," तर माझ्या तोंडून "किती?" असं निघून जातं, आणि मग दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

"पालिकेला फोन कर आणि मोकळी हो," नवरा म्हणाला.

"फोन करून सांगू काय?"

"पाणी पिवळं येतंय म्हणून."

"आणि त्यांनी विचारलं, किती, तर?"

"अगं, असं विचारणारी जगात तू एकटी आहेस."

हा टोमणा होता. मी तो प्रशस्तिपत्र समजून घेतला आणि रविवारी सकाळी कामाला लागले.

कोरा चहा कमीजास्त पातळ करून मी पाच बाटल्या भरल्या आणि त्यांना एक ते पाच क्रमांक दिले. प्रत्येक घरी काचेच्या ग्लासात नळाचं पाणी घ्यायचं, पांढऱ्या कागदापुढे धरायचं, बाटल्यांशी ताडायचं आणि आकडा तक्त्यात भरायचा, एवढीच योजना होती. तक्ता मी स्वतः आखला. पहिल्या पानावर उद्देश, त्याखाली पाहणीची पद्धत, त्याखाली अकरा सूचना. इतकं सगळं लिहून झाल्यावर त्या पानावर एकाच नोंदीपुरती जागा उरली. बाकीच्या एकतीस नोंदी पुढच्या तीन पानांवर गेल्या. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

रकाने असे: अनुक्रमांक, बिऱ्हाड, वेळ, रंग, वास, गाळ, शेरा, सही. खरं तर शेऱ्याची मला गरज नव्हती. पण शेऱ्याचा रकाना नसलेला तक्ता मी आजवर पाहिलेला नाही. तो नसला की कागद उघडाबोडका दिसतो.

पहिली नोंद अर्थातच हेडक्लार्ककाकांची. काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण इमारतीचे सचिव तेच, आणि सोसायटीचा शिक्का त्यांच्याच खणात असतो. अक्षर मोत्यासारखं. भाषा मात्र कचेरीतून सोबत आणलेली. पंखा लावायचा असला तरी ते "पंखा लावण्यात यावा" असं म्हणतात, असं काकू सांगतात. त्यांनी ग्लास उजेडात धरला, बराच वेळ बाटल्यांकडे पाहिलं, रंगाच्या रकान्यात तीन लिहिले आणि शेऱ्यात लिहिलं: 'पाणी पिवळसर येत असून जमिनीखालील जुनी जलवाहिनी तपासण्यात यावी.' सही केली. सहीखाली दोन टिंबं दिली.

दुसऱ्या बिऱ्हाडात शिकवणीवाल्या बाई राहतात. त्यांनी पेन हातात घेतलं आणि शेऱ्यात यांचे केस गळतात इथून सुरुवात केली. मग पांढऱ्या शर्टांची हकीकत आली, मग भेटीला आलेली जाऊ या पाण्याबद्दल काय बोलली ते आलं, आणि जाऊ सहीच्या रकान्यात शिरायला लागली तेव्हा मी त्यांचा हात हळूच धरला.

"बाई, शेऱ्यात नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलंत तरी चालेल."

"वरीलप्रमाणे म्हणजे?"

"वर काकांनी लिहिलंय तसंच."

"काकांनी काय लिहिलंय?"

"पाणी पिवळं येतं."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. जे लिहून झालं होतं ते आम्ही सफेद शाईने झाकलं आणि त्यावर त्यांनी वळणदार अक्षरात 'वरीलप्रमाणे' लिहिलं.

तिथून पुढे सगळ्या घरांत तेच झालं. पेन हातात घेतलं की माणूस खालीवर बघतो, इतरांनी काय लिहिलंय ते पाहतो आणि तेच लिहितो. मला आनंदच झाला. नोंदी एकसारख्या असल्या की प्रयोगशाळेतल्या माणसाला आतून गार वाटतं. एकोणिसावी नोंद माझी. रंग तीन, वास नाही, गाळ थोडा. शेरा वरीलप्रमाणे.

आता हा कागद पालिकेत नेणार कोण? मी रजा टाकायच्या विचारात होते. तेवढ्यात सहकार्य आले.

सहकार्य हे त्यांचं नाव नव्हे. कोपऱ्यावरच्या पक्षाच्या संपर्क कार्यालयात बसणारे हे चाळिशीचे, हसतमुख गृहस्थ दर दोन वाक्यांनी "सहकार्य असू द्या" असं म्हणतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना सहकार्य म्हणते. ते माझ्या समोर बसले आणि त्यांनी माझी पाहणी ऐकली. पद्धत ऐकली. सूचना ऐकल्या. माझ्या अकरा सूचना माझ्या नवऱ्यानेसुद्धा चौथीच्या पुढे ऐकल्या नव्हत्या. हे गृहस्थ सातवीला म्हणाले, "ताई, ही जरा परत सांगता?"

माणूस गोडबोल्यांपासून सावध राहतो. ऐकून घेणाऱ्यांपासून कसं सावध राहायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मूळ कागदच द्या ताई," ते म्हणाले. "झेरॉक्सला तिकडे कुणी विचारत नाही. आणि बाटली धरून एक फोटो होऊन जाऊ दे. सहकार्य असू द्या."

कारखान्यात मी एका बाटलीच्या तीन ठिकाणी नोंदी ठेवते. या चार पानांची एकही प्रत न ठेवता मी ती त्यांच्या हातात दिली आणि वर त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.

आठ दिवसांनी चौकात फलक लागला. त्यावर एका नेत्याचा मोठा चेहरा, खाली ठळक अक्षरात 'बत्तीस कुटुंबांचा एकच आवाज!', आणि कोपऱ्यात बाटली धरलेली मी. माझ्याखाली 'शास्त्रज्ञ ताईंची खंबीर साथ.' शेजारपाजारचे म्हणाले, फोटो छान आलाय. सासूबाई म्हणाल्या, साडी इस्त्रीची नेसायची होती. माझी तक्रार वेगळी होती. माझ्या हातात पाच क्रमांकाची बाटली होती, आणि आमचं पाणी तीन होतं. मी सहकार्यांना फोन केला.

"ताई, तीन फोटोत दिसत नाही हो. पाच उठून दिसतो."

मी अजून बोलणार होते, पण फोन ठेवला. अठरा वर्षांत मला कुणी शास्त्रज्ञ म्हटलेलं नव्हतं. कारखान्याच्या हजेरीपटावर माझ्यापुढे 'सहायक, चाचणी' असं आहे. फलकावरचा तो शब्द मला आवडला होता. हे लिहायला जड जातं, पण हीदेखील एक नोंद आहे.

दुसऱ्या आठवड्यात मावशी कागद घेऊन आल्या.

मावशी आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतात. चंचुपात्रं, नळ्या, लांब मानेच्या बाटल्या, सगळं त्यांच्या हातून जातं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून फुटलेल्या वस्तू मला बोटांवर मोजता येतील. शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या टाकीच्या मागे साठेक घरांची वस्ती आहे. तिथे त्या सव्वीस वर्षं राहतात. टाकीचं पाणी आमच्याकडे येतं आणि टाकीची सावली त्यांच्याकडे जाते, एवढाच काय तो दोन्ही ठिकाणांचा संबंध.

त्यांनी ओले हात पुसले आणि घडी केलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, वाचून दाखवता? दाराला चिकटवून गेलेत."

"मुलीने नाही का वाचला?"

"तिनं वाचला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं वाचला. मला वाचता येत नाही ना, म्हणून मी कुठलाही कागद तिघांकडून वाचून घेते. एकाचं ऐकून अंगठा देत नाही. तिसऱ्या तुम्ही."

मी वाचायला लागले. नोटीस होती. एका इमारतीतील बत्तीस कुटुंबांची लेखी तक्रार, तसेच त्याच इमारतीतील एका शास्त्रज्ञ महिलेने केलेली पाहणी, यांवरून टाकीलगतच्या वस्तीमुळे पाणी दूषित होत असल्याचे निदर्शनास आले असून, सदर वस्ती हटविण्याबाबत पंधरा दिवसांनी सुनावणी होईल. माझा आवाज शेवटपर्यंत नीट राहिला. सवयीमुळे राहिला.

"जुळलं," मावशी म्हणाल्या. "तिघांचं एकच. म्हणजे खरंच आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. "ही शास्त्रज्ञ बाई कोण हो? आमच्या वस्तीत तर कुणी आलं नव्हतं बघायला."

"मी आहे, मावशी."

त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या.

"तुम्ही?"

"मी पाणी पिवळं आहे एवढंच लिहिलं होतं. वस्तीचं मी काहीच…"

"ताई," त्या म्हणाल्या, "बाटलीवर चिठ्ठी नसली तर तुम्ही मला ती धुवायलासुद्धा देत नाही." आणि मोरीकडे वळून त्यांनी ब्रश उचलला. त्या दिवशी त्या माझ्याशी आणखी काही बोलल्या नाहीत. एकही काच फुटली नाही.

मी अर्धी रजा टाकून पालिकेत गेले. खिडकीतल्या माणसाने फाइल काढून दाखवली. पुढची तीन पानं आमचीच होती. सफेद शाईचा डागसुद्धा जागेवर होता. पहिलं पान मात्र नवं, टाइप केलेलं. उद्देश गेला होता, पद्धत गेली होती, अकराही सूचना गेल्या होत्या. पहिल्या नोंदीत रंग पाच होता. शेऱ्यात होतं: 'टाकीलगतच्या वस्तीमुळे पाणी दूषित होते. सदर वस्ती त्वरित हटवावी.' शेजारी काकांची सही आणि सहीखाली दोन टिंबं. त्याखाली, तीन पानं भरून, एकतीस वेळा: वरीलप्रमाणे.

"मला दुरुस्ती करायची आहे," मी म्हटलं.

"करा ना. तुमची नोंद कुठली?"

"एकोणीस."

त्यांनी बोट फिरवत एकोणीस काढली. "यात दुरुस्त काय करायचंय? तुम्ही वरीलप्रमाणे लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण वरचं बदललंय."

"मग ते वरच्यांनी सांगायला पाहिजे. तुमची ओळ बरोबर आहे, बाई. तुमच्या ओळीत काही चूकच नाही."

मी तशीच संपर्क कार्यालयात गेले. सहकार्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी बाटलीबंद होतं.

"पहिल्या पानावर चहा सांडला हो ताई. पान नव्याने टाइप करून काकांची सही घेतली. रीतसर."

"शेरा बदललात तुम्ही."

"मी नाही! मला वरून आलं, तसं मी टाइप करून घेतलं."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

त्यांनी छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता. "वरून म्हणजे वरूनच," ते म्हणाले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं असं मला वाटतं. मग ते खुर्ची पुढे ओढून मन मोकळं केल्यासारखं बोलले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. नळ कुठे असतो? जमिनीखाली. तो कुणाला दिसतो का? निवडणूक दोन महिन्यांवर आलीय. लोकांना दिसेल असं काहीतरी दाखवावं लागतं. यात तुमच्याविरुद्ध काहीच नाही. उलट तुमचा मानच आहे."

रागाच्या भरात मी एक चूक केली. रस्त्यापलीकडे दुसऱ्या पक्षाचं कार्यालय आहे. तिथे जाऊन मी खुलासा लिहून दिला. त्यात तीन वाक्यं होती. पाणी तीन क्रमांकाचं पिवळं आहे. त्याचा वस्तीशी संबंध असल्याचं माझ्या पाहणीत कुठेही नाही. दोष नळात असू शकतो, पण तोही तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तिथल्या गृहस्थांनीही फार लक्ष देऊन ऐकलं. दोन दिवसांत समोरासमोर दुसरा फलक लागला: '"दोष नळात!" शास्त्रज्ञ ताईंचा सत्ताधाऱ्यांना दणका!' वस्तीचा त्यात उल्लेख नव्हता. आता मी चौकात दोन्ही बाजूंनी उभी होते आणि दोन्हीकडून माझ्याचकडे बघत होते.

"दोन्ही पक्षांना चालणारी तू एकटीच," नवरा म्हणाला. "उभी राहा." मग त्याने माझा चेहरा पाहिला. दुसऱ्या दिवशीचा डबा त्यानेच भरला.

उरला होता एकच सरळ मार्ग. ज्यांनी सह्या दिल्या त्यांनी स्वतःच लिहून द्यायचं की हा शेरा आमचा नाही. मी नवा कागद घेतला. यावेळी तक्ता आखला नाही. कोरा कागद, ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहायचं.

"काय लिहू?" शिकवणीवाल्या बाईंनी विचारलं.

"जे खरं असेल ते."

"असं कसं? नमुना द्या ना."

"नमुना देणार नाही, बाई. त्यानेच घोटाळा झालाय."

"मग आधी कुणाला तरी वर लिहू दे. मी त्याखाली लिहिते."

चौथ्या मजल्यावर बँकेत काम करणारे गृहस्थ राहतात. त्यांनी मला आत बोलावलं, माझं सगळं ऐकलं. आता कुणी नीट ऐकलं की मला धडकी भरते.

"तो शेरा मी लिहिला नव्हता, मान्य आहे," ते म्हणाले. "पण आता लिहिला गेलाच आहे, तर त्यात चूक काय? टाकीला लागून माणसं राहतात म्हटल्यावर पाण्यात काही ना काही जाणारच."

"तुम्ही कधी तिकडे गेला आहात?"

"जायला कशाला हवं? बत्तीस कुटुंबांनी लिहून दिलंय. बत्तीसच्या बत्तीस खोटं बोलतील?"

मी त्यांना आठवण करून दिली की त्या बत्तिसांत ते स्वतः आहेत.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

सहा दिवसांत पाच सह्या झाल्या. त्यातली एक माझी आणि एक नवऱ्याच्या आग्रहावरून समोरच्या बिऱ्हाडाची. पालिकेच्या खिडकीत मला आधीच बजावलं होतं की पहिली नोंद टिकली तर बाकी कितीही जणांनी मागे घेतलं तरी तक्रार टिकते. म्हणजे प्रश्न हेडक्लार्ककाकांचा होता. आणि काका मला बघितलं की दार ओढून घेत होते.

शेवटी काकूंनी मला आत घेतलं. काका खुर्चीत ताठ बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्र होतं, ते उलटं नव्हतं, पण वाचलंही जात नव्हतं.

"काका, त्या पानावर सही करताना तुम्ही ते वाचलं होतं?"

"वाचूनच केली असणार."

"असणार म्हणजे आठवतंय असं नाही ना?"

"हे बघ," काका म्हणाले, "चौतीस वर्षं मी साहेब लोकांच्या सह्या घेतल्या. 'इथे, साहेब', 'आणि इथे, साहेब'. एकाने कधी मान वर करून विचारलं नाही की कशावर करतोय. त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात काय म्हणायचो ते हिला माहीत आहे."

"मूर्ख," काकूंनी आतून सांगितलं.

"आणि आता तू म्हणतेस, भर कचेरीत उभं राहून मी सांगू, की एक माणूस दारात आला, 'इथे, काका' म्हणाला, आणि मी केली?" त्यांचा आवाज उतरला. "मी वाचूनच केली असणार. दुसरं काही माझ्याच्याने सांगवणार नाही."

"काका, साठ घरं आहेत."

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. काकू मला सोडायला दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला दिला होता गं. पण मी बोलले असं सांगू नकोस."

सुनावणीची खोली लांबट होती. एका टोकाला अधिकारी आणि टाइप करणारी मुलगी, मधे बाकं, भिंतीशी फायलींची कपाटं. मावशी वस्तीतल्या दोन बायकांबरोबर आल्या होत्या. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला ते अपेक्षित नव्हतं. मागच्या बाकावर सहकार्य होते. मला पाहून त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. काका पहिल्या बाकावर, पांढरा शर्ट, खिशाला पेन.

"अनुक्रमांक एक," अधिकाऱ्यांनी पुकारलं. काका उभे राहिले. "सही तुमची?"

"माझी."

"मजकूर वाचून केलीत?"

काका म्हणाले, "कागद पाहायला मिळावा."

कागद त्यांच्या हातात दिला गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांचं वाचन स्पष्ट आहे. टाकीलगतच्या वस्तीमुळे पाणी दूषित होते. सदर वस्ती त्वरित हटवावी. इथे ते थांबले.

"हे माझं असणं शक्य नाही."

"का?"

"मी 'हटवावी' असं कधी लिहीत नाही. 'हटविण्यात यावी' असं लिहितो."

अधिकाऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. "घ्या. 'हटवावी' या शब्दाऐवजी 'हटविण्यात यावी' अशी दुरुस्ती अर्जदारांनी सुचवली." मुलगी टाइप करू लागली.

मावशींनी माझ्या कानाशी विचारलं, "काका काय म्हणाले?"

"शब्द दुरुस्त केला."

"आणि घराचं?"

काका ते टाइप होताना ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी असे मजकूर लिहिले होते. त्यामुळे ती ओळ कुठे जाऊन पोचणार हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल. त्यांनी चष्मा काढला.

"थांबा. तसं नाही." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "सदर मजकूर न वाचता त्यावर सही करण्यात आ…"

ते अडखळले. त्यांनी मागे वळून पाहिलं. बाकावर मावशी होत्या. काकांची आणि त्यांची ओळख नव्हती. पण ज्याची सुनावणी चाललीय ते घर या बाईचं आहे, हे त्यांच्या बसण्यावरून कुणालाही कळलं असतं.

"मी केली," काका म्हणाले. "मी वाचलं नाही. चष्मा नव्हता आणि तसं सांगायची मला लाज वाटली. सही मी केली, वाचलं मी नाही."

टाइपरायटर थांबला. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. काका खाली बसले तेव्हा त्यांनी आधी हाताने बाक चाचपलं.

अधिकाऱ्यांनी फाइल चाळली, दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. "वर काही राहिलं नाही," ते म्हणाले, "तर खालच्या एकतीस जणांचं म्हणणं काय ते मला कळायला मार्ग नाही. तक्रार निकाली." जेवणाची वेळ झाली होती. उठता उठता त्यांनी सांगितलं, कुणाला पुन्हा तक्रार करायची असेल तर ती सोसायटीमार्फत, सचिवांच्या शिक्क्यानिशी यावी.

गोष्ट इथे संपायला हवी होती. सहकार्यांनी तर ती संपवलीही. चौकातले दोन्ही फलक आठवड्यात उतरले आणि तिथे रस्त्यांच्या खड्ड्यांचे आले. पण एके सकाळी शिकवणीवाल्या बाई माझ्याकडे नवा अर्ज घेऊन आल्या. वस्ती हटवावी, असा. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. कुणी पाठवायची आता गरजच नव्हती. सव्वीस सह्या होत्या. शेऱ्याच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' एकदाही नव्हतं. प्रत्येकाने वेगळं लिहिलं होतं, पूर्ण वाक्यांत, स्वतःच्या हाताने.

"तुम्ही म्हणाला होतात ना," बाई आनंदाने म्हणाल्या, "आपापल्या शब्दांत लिहा म्हणून."

मी ते सगळं वाचलं. बँकवाल्यांनी सात ओळी लिहिल्या होत्या. मी सही केली नाही, आणि बाईंना त्याचं वाईट वाटलं. चांगल्या शेजारणीला वाटावं तसं वाटलं.

अर्ज शिक्क्यासाठी काकांकडे गेला.

"ठेवा," काका म्हणाले. "वाचावं लागेल."

दोन दिवसांनी बँकवाले विचारायला गेले. काका म्हणाले, अर्ज वाचनाधीन आहे. आठवड्याने बाई गेल्या. काका म्हणाले, सव्वीस जणांचं सव्वीस तऱ्हेचं अक्षर आहे, आणि मागे न वाचता काय झालं ते आपण सर्वांनी पाहिलंच आहे. काकू सांगतात, रोज सकाळी नऊला ते टेबलाशी बसतात, पट्टी घेतात, एकेका ओळीखाली धरतात आणि दोन वाजता अर्ज खणात ठेवून कुलूप लावतात. चौतीस वर्षांत अडवून धरलेल्या फायलींची त्यांना लाज वाटत असे. ही फाइल ते मान ताठ करून अडवतात.

किती दिवस, ते सांगता येत नाही. सोसायटीची वार्षिक सभा महिन्यावर आली आहे आणि सचिवपदासाठी चौथ्या मजल्यावरचे बँकवाले उभे आहेत. पाणी अजून तीनच आहे. मी दर रविवारी बघते.

कारखान्यात मावशी पुन्हा माझ्याशी बोलू लागल्या आहेत. सगळं नाही, पण एक गोष्ट त्या रोज विचारतात, ब्रश पाण्यात बुडवायच्या आधी.

"काकांचं वाचून झालं?"

"नाही अजून."

"कुठवर आलेत?"

"काल सहाव्या सहीपर्यंत आले होते. तिथे एक शब्द लागेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतलंय."

मावशी लांब मानेची बाटली उजेडात धरतात, तळ बघतात, पुन्हा घासायला घेतात.

"हळू वाचा म्हणावं," त्या म्हणतात.